धुऱ्यावरून एकदाच मारलेली हाक

बाई, तुमची तेरवी होऊन तीन दिवस झाले. पाहुणे गेले, मांडव निघाला, तुमची लेक सविता तेवढी अजून थांबली आहे. आज सकाळी मी मळ्यात एकटीनेच सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटला, धुतला, जुड्या बांधल्या. जवळ बसून कोणी म्हटलं नाही, "काय वं शोभे, जुडी हाय का खराटा?" तीस वर्षं मी हे रोज ऐकलं आणि रोज मला राग आला. आजच्या जुड्या खरोखरच खराट्यासारख्या झाल्या होत्या, आणि तशाच त्या केनवडच्या बाजारात गेल्या.

बसायला आलेली माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेली. त्यातलं निम्मं खरं होतं. तुमच्या आसेगावच्या मावसबहिणीने सांगितलं, "मोठी गरीब स्वभावाची होती हो, कोणाले उलटून बोलली नाई." तेव्हा मला तोंडावर पदर घ्यावा लागला. लोकांना वाटलं जाऊ रडते आहे. बाई, तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीच तिला उलटून बोलल्या असत्या.

मी तुमची धाकटी जाऊ. घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, हिला बाई म्हणायचं, आणि ते शेवटपर्यंत राहिलं. लोकांना जावाजावांची भांडणं दिसतात. दोघी जणी सोबत पाण्यात हात घालून पालक धुतात, एकीच्या डोक्यावर दुसरी टोपलं चढवते, हे कोणी बघत नाही. आपण भांडायचो हे खरं आहे. मिरचीच्या रोपांत अंतर किती ठेवायचं यावरून एकदा चार दिवस अबोला होता. पण अबोल्यातही टोपलं तुम्हीच चढवायच्या, तोंड दुसरीकडे करून.

आज जे लिहायला बसले आहे ते भांडणात कधी आलं नाही. पाच वर्षं आपण दोघींनी ते शिताफीने टाळलं. आता तुम्ही नाही, तर निदान मी तरी टाळू नये.

सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागेल, कारण मला गावची आशा सेविका तुम्ही केलं. गावात आशा नेमायची ठरली, बारावी शिकलेली सून म्हणजे मी एकटी. सासूबाई म्हणाल्या, घरची सून दारोदार हिंडणार का. हे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. तुम्ही अंगणात भेंडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणालात, "बारावी शिकली ते काय भेंडीचे देठ खुडाले? जाऊ द्या तिले." विषय तिथेच संपला. मग मी गरोदर बायकांच्या घरी जाऊ लागले, पोरांना डोस पाजू लागले, आणि माझ्या वाटणीचे वाफे तुम्ही खुरपू लागलात. त्याचा तुम्ही कधी उच्चार केला नाही. म्हणजे केला, पण फक्त भांडणात.

मग तो उन्हाळा आला.

तुम्ही सविताच्या दुसऱ्या बाळंतपणाला नाशिकला गेलेल्या, आणि कोरोनामुळे सगळं बंद पडलं. दोन महिने तुम्ही तिकडे अडकलात. इकडे यांचा दमा, आणि मी दिवसभर गावात. मळा वाळायला लागला. फोनवर तुम्ही नातवाबद्दल दोन वाक्यं बोलायच्या आणि सांबाराबद्दल दहा. मे महिन्यात कोणाला तरी सांगून, कांद्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसून तुम्ही निघालात. फाट्यावर उतरून उरलेली वाट उन्हात पायी चालत आलात.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. बाहेरून येईल त्याला चौदा दिवस शाळेत ठेवायचं असं ठरलं होतं. मी तिथे दुपट्ट्याने तोंड बांधून, हातात रजिस्टर घेऊन उभी. चार माणसं बघत होती, सरपंच होते. मला वाटलं आपण घरच्या माणसाला सूट देतो असं कोणी म्हणायला नको. म्हणून मी तुम्हाला विचारलं, "आपण कुठून आलात?"

तुम्ही डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "तुले माईत नाई का वं मी कुठून आली?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी लिहिलं: नाशिक.

"सायेब झाली माही जाऊ," तुम्ही सरपंचांना म्हणालात. "शाळेत नाई राहत मी. पुण्याची मानसं भरली तिथं. मळ्यात खोपडी हाय, पानी हाय, तिथंच राहीन चवदा दिवस. घरात दम्याचं मानूस हाय आमच्या." यांचा विचार तुम्ही आधीच करून ठेवला होता. मग गाठोडं उचललं आणि गावाला वळसा घालून धुऱ्याधुऱ्याने मळ्याकडे गेलात. धुरा म्हणजे बांध. तुमची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले आणि मग पुढच्या माणसाचं नाव लिहिलं.

पीठमीठ, तेल, कांदे मी धुऱ्यावर ठेवून आले. डबा नको म्हणालात, मी रांधतो माह्यं मी. तुमच्या फोनचा चार्जर नाशिकला राहिला होता आणि ती बारीक पिन गावात कोणाकडे मिळेना. त्यामुळे रोज सकाळी मी धुऱ्यावर यायचं, हाक मारायची, तुम्ही खोपडीबाहेर यायचं, असं ठरलं. तुम्ही निंबाखाली बसायच्या, मी धुऱ्यावर, मध्ये भेंडीचे दोन वाफे.

"ताप?"

"नाई."

"खोकला?"

"नाई."

"दम लागते का?"

"तुह्यासंग वरडून वरडून लागते."

मी लिहायचे: नाही.

बाई, खरं सांगते, तीस वर्षांत आपण त्या आठ दिवसांत बोललो तेवढं कधी बोललो नाही. काम हातात नसलं की तुम्हाला बोलता येत नाही असं मला वाटायचं. तिथे तुम्हाला पाणी फिरवण्यापलीकडे काम नव्हतं आणि मला तेवढी अर्धा तास गावातून सुटका. गावात माझी काय गत होती ते तुम्हालाच सांगत होते. मी गल्लीत शिरले की "कोरोनावाली आली" म्हणून दारं लागायची. जिचं बाळंतपण मी पावसात बैलगाडीतून दवाखान्यात नेऊन केलं होतं, तिने खिडकी लावून घेतली. मी हे सांगताना रडले. तुम्ही भेंडीच्या पलीकडून म्हणालात, "लावू दे. दाराआडून इचार. आवाज ऐकू आला म्हंजे झालं, जित्ते हायेत तेवढं त कयते."

एक दिवस तुम्ही भासऱ्यांबद्दल बोललात. तुमचे मालक, म्हणजे माझे भासरे, गेले तेव्हा मी या घरात नवीन होते आणि सविता पाच वर्षांची. तुमचे भाऊ आसेगावहून तुम्हाला न्यायला आले होते, हे मला आठवत होतं. तुम्ही का गेल्या नाहीत हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दोन वाफ्यांच्या पलीकडून, दूरवर बघत तुम्ही सांगितलं, "बॅग भरली होती मी. मंग तू चुलीपाशी बसून रडून राह्यली होती. भाकर थापता येत नोती तुले. म्हटलं, हिले या घरात एकटी टाकून कुठं जाव."

मी काय बोलले त्यावर? म्हणाले, "बरं, उद्या येते." तुम्हीही म्हणालात, ये. माझ्यासाठी एक बाई पंचवीस वर्षं सासरी राहिली, आणि मी तिला बरं, उद्या येते म्हणाले.

नववा दिवस. आदल्या संध्याकाळी गावात कोरोनाचा पहिला माणूस निघाला. वरून निरोप आला, एकूण एक घर तपासा. सकाळपासून मी पायाला भिंगरी लावून फिरत होते. मळ्याकडे निघायला दुपार झाली. ऊन असं की पायताणातून चटके. ओढ्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, आले आणि तिथूनच मला आपले वाफे दिसले. दांडातून, म्हणजे पाटातून, सांबाराच्या वाफ्यात पाणी वाहत होतं, चमकत होतं. मला बरं वाटलं. पाणी चालू म्हणजे बाई उठल्या आहेत, पाणी फिरवत आहेत. मी रपट्यावरूनच माघारी फिरले आणि रजिस्टरमध्ये तीन वेळा नाही लिहिलं.

भाजीचा मळा नसलेल्या माणसाला ही चूक कळायची नाही, म्हणून सांगते. आपल्या मोटरला ऑटो होता. स्टार्टरला जोडलेला तो छोटा डबा. लाइन आली की माणूस असो वा नसो, मोटर आपली आपण सुरू होते आणि दांडाला पाणी लागतं. हे मला माहीत होतं. ऑटो बसवा म्हणून यांच्या मागे मीच लागले होते. पण ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. त्यासाठी फावडं घेऊन एकाचं तोंड बुजवावं लागतं, पुढच्याचं फोडावं लागतं. तिथे माणूसच लागतो.

नवव्या दिवसाची चूक मी माफ करून घेऊ शकते. थकले होते, लांबून पाहिलं, फसले. दहाव्या दिवसाचं काय करू?

दहाव्या दिवशीही दुपारच झाली. पण त्या दिवशी मी धुऱ्यापर्यंत आले. आणि मला दिसलं, बाई. पाणी त्याच सांबाराच्या वाफ्यात होतं. काल ज्यात होतं त्यातच. वाफा तुडुंब भरून वाहत होता, सांबार आडवा पडला होता, पाणी पायवाटेवर येऊन खोपडीच्या दारापर्यंत गेलं होतं. पलीकडची भेंडी कोरडी ठणठणीत, माना टाकून उभी. मी माळ्याची सून आहे. जागच्या जागी फुटलेलं पाणी म्हणजे त्याच्यामागे फावडं घेऊन कोणी नाही, हे मला त्या क्षणी कळलं. शिकवलेलं तुमचंच होतं.

मी हाक मारली. "बाई." एकदाच. आणि मोठ्याने नाही.

मग मी थांबले, जेवढं थांबल्यासारखं वाटेल तेवढं. कोणी आलं नाही. मी स्वतःला म्हणाले, झोपल्या असतील, ऊन फार आहे, उठवायला नको. आणि परत आले. रजिस्टर उघडलं. ताप, नाही. खोकला, नाही. दम, नाही.

मला भीती वाटली होती. दोन वाफे ओलांडून खोपडीत गेले आणि तुम्ही तापाने पडलेल्या दिसल्या, तर तुम्हाला उचलावं लागेल. मग मला घरी जाता येणार नाही. मग यांना दमा उठला तर कोण बघेल. गाव म्हणेल आशाच्या घरातच निघाला. ही सगळी कारणं खरी आहेत. रात्रंदिवस मी ती मनात मांडून पाहिली आहेत आणि त्यांची बेरीज कधीच पुरेशी झाली नाही. मला स्वतःच्या जिवाची भीती वाटली, एवढंच शेवटी शिल्लक राहतं.

अकराव्या दिवशी सकाळी चहा पिताना यांनी विचारलं, "वयनी कशी हाय? भेटली ना काल?" मी म्हणाले, "भेटली." कप खाली ठेवला आणि उठले. त्या एका खोट्या शब्दाने मला मळ्यात नेलं. पळत गेले मी. धुरा ओलांडला, भेंडीतून तशीच गेले.

तुम्ही खोपडीच्या दारात बसल्या होत्या, भिंतीला टेकून. पाय चिखलात. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. ओठ फुटलेले. चेहरा एवढासा झालेला. दारापर्यंत आलेलं ते पाणी तुम्ही दोन दिवस ओंजळीने प्यायल्या होत्या, पदर भिजवून डोक्यावर धरला होता. हे तुम्ही सांगितलं नाही, मला दिसलं.

तुम्ही वर बघितलं. "आली का," म्हणालात. मग थोड्या वेळाने, "पानी फोड पुढच्या वाफ्यात. सांबार सडला."

मी कपाळाला हात लावला. ताप उतरलेला होता, घाम होता. "काय झालं बाई?"

"ऊन लागलं जरासक."

मी तुम्हाला उचललं, आत नेलं, साखरमिठाचं पाणी पाजलं, पेज केली. तुमचं अंग किती हलकं होतं. तो आजार की उन्हाचा झपाटा, हे कधी कळलं नाही, कारण तुम्ही तपासायला कोणाला येऊ दिलं नाही आणि मी आग्रह धरला नाही. पुढचे चार दिवस मी दुसऱ्या कोपऱ्यात झोपले. घरी निरोप दिला की मीही आता इथेच राहते. यांना दमा उठला नाही. गावाने काही म्हटलं नाही. ज्या ज्या गोष्टींना मी घाबरले होते त्यातली एकही झाली नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. चार दिवस दोघी एका खोपडीत होतो. मी तुमचे पाय चेपायचे आणि शब्द जुळवायचे. तुम्ही डोळे मिटून म्हणायच्या, "जोर नाई का हातात?" आणि माझे शब्द मोडायचे.

मग गटप्रवर्तक मॅडम आल्या, रजिस्टर तपासायला. त्या घरोघरी विचारत होत्या की आशा येते का. तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. मी बाजूला. मॅडमनी विचारलं, "आजी, ही रोज येत होती का?"  तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणालात, "रोज. सकाळची येयेच. डोकं पिकवलं इनं ताप हाय का, खोकला हाय का करून." मॅडम हसल्या, सही केली, शाबासकी दिली. नंतर पंचायतीत आम्हा सगळ्या आशांना नारळ आणि शाल मिळाली. ती शाल पेटीच्या तळाशी आहे. मी ती कधी पांघरली नाही आणि का पांघरत नाही हे तुम्ही कधी विचारलं नाही.

चौदावा दिवस झाला आणि घरात पाय टाकण्याआधी तुम्ही यांना म्हणालात, "तो ऑटो काढून टाक." हे चक्रावले. "काहून वयनी? चांगला चालून राह्यला." तुम्ही म्हणालात, "मोटर जयते त्यानं." कधी जळली नव्हती. तरी यांनी काढला, तुमच्यापुढे यांचं काय चालणार. आणि तिथून आपलं पाच वर्षांचं भांडण सुरू झालं. लाइन कधी पहाटे, कधी भर दुपारी. दर वेळी कोणीतरी मळ्यात जाऊन बटन दाबायचं. मी ओरडायचे, सगळ्या गावात ऑटो आहेत, आपल्यालाच काय धाड भरली आहे. तुम्ही एकच सांगायच्या, "पानी सोडाले मानूस जाले पायजे."

मला ते झोंबायचं. मला वाटायचं तुम्ही मला रोज, बोट न दाखवता, शिक्षा देता आहात. म्हणून मी जास्त ओरडायचे. आणि ओरडत ओरडत तुमच्यासोबत जायचेही. पाच वर्षं मी एकही दिवस तुम्हाला मळ्यात एकटं जाऊ दिलं नाही. पहाट असो, थंडी असो, पुढे तुम्ही, मागे मी. तुम्ही बटन दाबायच्या, मी फावडं धरायचे. लोक म्हणायचे जावाजावांचं काय पटतं. तुम्हाला कळत होतं का मी का येते? तुम्ही कधी म्हणालात नाहीत की आज नको येऊ, आराम कर. ते म्हणावं असं मला खूप वाटायचं, आणि नाही म्हणालात हेही बरं वाटायचं.

शेवटी दवाखान्यात तीन दिवस मी तुमच्या उशाशी होते. खुर्चीवरून उठले नाही. सविता म्हणाली, काकू, घरी जाऊन जरा पडा. मी नाही गेले. नर्सला वाटलं मी तुमची सख्खी बहीण. तुमचा हात हातात होता, शेजारच्या खाटेवर पाहुण्यांची गर्दी होती, तुम्ही अर्धवट गुंगीत. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा पाणी हवं का एवढंच विचारलं. तुम्ही मान हलवलीत. नंतर तेही विचारायला राहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आयुष्यात बोलायला दुसरं कोणी नव्हतंच. हे चांगले आहेत, पण यांच्याशी बोलणं म्हणजे प्रश्न आणि उत्तर. मी मळ्यात जाते, बटन दाबते, फावडं धरते, आणि मध्ये कोणी चुका काढत नाही. वाफ्याचं तोंड वाकडं फुटलं तरी चालतं. बाई, असलं स्वातंत्र्य मला नको होतं. एवढा मोकळा मळा मी कधी पाहिला नव्हता.

तेरवीच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे पांगले. आम्ही तिघंच अंगणात होतो, हे, मी, सविता. हे म्हणाले, "आता वयनी नाई. उद्या ऑटो बसवून घेतो, तुही पायपीट वाचीन." साधं बोलले हो ते, माझ्या काळजीने बोलले. आणि मी बोलायला लागले. थांबलेच नाही. रपटा, वाफा, सांबार, रजिस्टर, सगळं. एकदाच हाक मारली, तीही हळू, हेसुद्धा. तुमच्या लेकीसमोर सांगितलं की तुझी आई तापात पडली होती आणि मी धुऱ्यावरून परत गेले.  मी सविताकडे बघितलं. ती मला मारेल, निदान उठून आत जाईल असं वाटलं. तिने तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सविता म्हणाली, "काकू, मले ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"मायनं सांगतलं होतं. त्याच वर्षी, दिवाईले आली होती मी तवा. म्हने, तुह्या काकूची हाक ऐकू आली मले. मी उठाले पाह्यलं, पन अंग उचलेना. आवाज बी निंगेना. मंग तिच्या पायाचा आवाज गेला."

तुम्ही ऐकली होती. ती हळू मारलेली हाक तुम्ही ऐकली होती आणि माझे परत जाणारे पायही. आणि दुसऱ्या दिवशी मला बघून तुम्ही म्हणालात, आली का.

मी सविताला विचारलं, तू काही म्हटलं नाही आईला? "म्हटलं ना. रागानं म्हटलं, तू काकूले काहून नाई इचारलं? त म्हने, काय इचाराव. तिच्या जागी मी असती, त मी बी नसती आली. अन् म्हने, हे तिले कधी बोलून दाखवू नको, लय मनाले लावून घेते ते."

सविता माझा हात धरून बसली होती. तिला वाटलं हे ऐकून मला हलकं वाटेल. तिच्या आईने माफ केलं, गोष्ट संपली. मी मान डोलावली, तिच्या समाधानासाठी. पण बाई, माझ्यासाठी तुम्ही मॅडमसमोर खोटं बोललात तसंच स्वतःच्या लेकीसमोरही बोललात, आणि ते मी कसं मान्य करू? मी तुमच्याजवळ तीस वर्षं राहिले आहे. तिथे मी पडलेली असते, तर तुम्ही रपट्यावरून वाफे बघत बसल्या नसत्या. हाक मारत बसल्या नसत्या. तोंडाला पदर न लावता, भेंडी तुडवत, मला शिव्या देत तुम्ही आल्या असत्या. पहिल्याच दिवशी आल्या असत्या.